जॉर्ज बूलकडे डिग्री नव्हती, मग मी डिप्लोमा कशाला करू?

प्रश्न विचारणारा मुलगा सोलापूरचाच आहे. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचं दुसरं वर्ष, आणि कॉलेज सुटलं की काकांच्या यंत्रमाग कारखान्यात रात्री उशिरापर्यंत. तो विचारतो: बूलियन अल्जिब्रा, म्हणजे डिजिटल सर्किटांमागचं शून्य-एकचं बीजगणित, ज्याच्या नावाने शिकवतात तो जॉर्ज बूल जोडे शिवणाऱ्याचा मुलगा होता, कॉलेजची पायरी चढला नाही आणि तरी प्रोफेसर झाला, हे खरं का? खरं असेल तर मीही डिप्लोमा सोडून मोबाईलवर शिकलो तर काय बिघडलं? आणि माणूस म्हणून तो कसा होता, त्याची मूल्यं काय होती?

मी इथल्याच पॉलिटेक्निकात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवत निवृत्त झालो, आता मागांच्या कंट्रोल पॅनेलची कामं करतो. त्यामुळे तुझ्या प्रश्नाच्या दोन्ही टोकांशी माझा संबंध आहे. मधल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: डिप्लोमा सोडू नकोस. कारण सांगायला बूलचीच गोष्ट पुरेशी आहे, फक्त व्हिडिओत सांगतात तशी अर्धी सांगून भागत नाही.

माहिती खरी आहे. जॉर्ज बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ चा, इंग्लंडमधल्या लिंकन गावातला. वडील जॉन बूल जोडे शिवायचे, पण त्यांचा जीव दुकानात कमी आणि दुर्बिणी, भिंगं, गणित यांत जास्त. गिऱ्हाईक बसलेलं असताना हा माणूस काचा घासत बसणार. धंदा बुडायचा तो बुडालाच. आई लग्नाआधी एका मोठ्या घरी दासी होती. मुलाला गणिताची गोडी वडिलांनी लावली, लॅटिन गावातल्या ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याकडून मिळालं, ग्रीक त्याचं तोच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचं भाषांतर केलं, ते वडिलांनी अभिमानाने गावच्या वर्तमानपत्रात छापून आणलं. त्यावर गावातल्याच एका मास्तरांनी जाहीरपणे शंका घेतली, एवढ्या पोराला हे जमणंच शक्य नाही म्हणून. आपल्याकडेही गरिबाच्या पोराला चांगले मार्क पडले की पहिला प्रश्न असाच येतो.

घरची परिस्थिती ढासळली तेव्हा सोळाव्या वर्षी तो डॉनकास्टरच्या एका शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून लागला. आई-वडील, बहीण, दोन भाऊ, सगळ्यांचा भार त्याच्यावर. इथे त्याने गणिताचा खरा अभ्यास सुरू केला, आणि त्यामागचं कारण फार व्यवहारी होतं असं सांगतात. पुस्तकाला पैसे थोडे. कादंबरी दोन रात्रींत संपते, गणिताचं पुस्तक महिनोन् महिने पुरतं. म्हणून गणित. लक्रुआ या फ्रेंच गणितज्ञाचं कॅल्क्युलसचं पुस्तक त्याने असंच, शंका विचारायला कोणी नसताना, एकट्याने झिजवलं.

आता व्हिडिओत जे सांगत नाहीत ते ऐक. याच काळाबद्दल पुढे बूलचं स्वतःचं मत असं झालं की एखादा चांगला शिक्षक मिळाला असता तर आपली जवळजवळ पाच वर्षं वाचली असती. ज्या एकलव्यपणाचं आपण कौतुक करतो, तो त्याच्या लेखी तोटा होता. त्याने कॉलेज नाकारलं नव्हतं. त्याला ते परवडलं नाही. एकोणिसाव्या वर्षी, १८३४ साली, त्याने लिंकनमध्ये स्वतःची छोटी शाळा काढली. पुढे केंब्रिजला जाऊन पदवी घ्यावी का, हा विचार गंभीरपणे केला. १८३९ मध्ये तो डंकन ग्रेगरीला भेटला. ग्रेगरी केंब्रिजच्या गणिताच्या नियतकालिकाचा संपादक, वयाने बूलच्याच आसपासचा. ग्रेगरीने समजावलं की पदवीचा अभ्यासक्रम तुझं मूळ संशोधन बाजूला ठेवून करावा लागेल, खर्चही झेपणार नाही. शाळा बंद केली तर घर कसं चालणार, हा हिशेब बूललाही येत होता. तो विषय तिथेच मिटला.

पण ग्रेगरीने त्याला नुसता सल्ला देऊन वाटेला लावलं नाही. त्याचे लेख तपासले, लिहायचं कसं ते दाखवलं, छापले. म्हणजे ज्याला आपण स्वयंशिक्षित म्हणतो, त्याच्या कामावर लाल शाई मारणारा एक जाणकार माणूस त्याला भेटला होता. मोबाईलवर शिकताना नेमकं हेच मिळत नाही. व्हिडिओ तुला समजावून सांगतो, पण तुझं चुकलेलं गणित बघून 'हे काय केलंस?' असं कोणी विचारत नाही.

१८४४ साली बूलने रॉयल सोसायटीकडे एक मोठा लेख पाठवला. लेखक कोण, तर लिंकनचा एक शाळामास्तर. लेख न छापता परत जायच्या बेतात होता असं सांगतात. अखेर त्याच लेखाला सोसायटीचं रॉयल मेडल मिळालं. त्यानंतर आयर्लंडमध्ये नवी सरकारी कॉलेजं निघणार असं कळल्यावर १८४६ मध्ये त्याने अर्ज केला. पदवीच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं, पण अर्जासोबत जी शिफारसपत्रं होती ती डी मॉर्गन, केली, विल्यम थॉमसन अशा नावाजलेल्या गणितज्ञांची. थॉमसन म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, तुझ्या तापमानाच्या एककातला. एवढं असूनही नेमणूक व्हायला १८४९ चा ऑगस्ट उजाडला. तीन वर्षं वाट बघितली, मधल्या काळात वडील गेले. मग कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचा पहिला प्राध्यापक म्हणून तो रुजू झाला, आणि १८५१ मध्ये विज्ञान विभागाचा डीन झाला.

तेव्हा 'डिग्रीशिवाय प्रोफेसर' हे वाक्य खरं आहे, पण त्याची किंमत ही अशी आहे. तुला तुझ्या कॉलेजात पुस्तकालय, ऑसिलोस्कोप आणि शंका विचारायला माणसं आहेत. चिडचिडी असतील, पण आहेत.

आता मूल्यांकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार, कारण बूलच्या चरित्रातला मला सगळ्यात आवडणारा भाग गणिताच्या पुस्तकात येतच नाही.

लिंकनमध्ये त्या काळी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. कारागीर, कामगार, दुकानातली पोरं यांनी संध्याकाळी येऊन वाचावं, व्याख्यानं ऐकावीत, यासाठी काढलेली. बूलचे वडील तिथे काम बघायचे, त्यामुळे पोराला तिथली पुस्तकं हाताशी होती. १८३५ साली, अवघा एकोणीस वर्षांचा असताना, त्याने तिथे न्यूटनवर व्याख्यान दिलं. न्यूटन त्याच परगण्यातला. पुढे स्वतःची शाळा सांभाळून तो तिथे शिकवत राहिला.

त्याच सुमारास इंग्लंडात दुकानं लवकर बंद करण्याची चळवळ सुरू होती. दुकानातले नोकर सकाळपासून रात्री उशिरापर्यंत उभे असत. त्यांना संध्याकाळ मिळावी अशी मागणी. बूल लिंकनमधल्या या चळवळीत होता. १८४७ साली चळवळीच्या सभासदांपुढे त्याने जे भाषण केलं, त्याचा विषय होता फुरसतीचा योग्य उपयोग. वर्ष लक्षात घे. तर्कशास्त्राला बीजगणिताचं रूप देणारं त्याचं पहिलं छोटं पुस्तक याच १८४७ चं. एकाच वर्षात हा माणूस एकीकडे विचारांचे नियम मांडतोय आणि दुसरीकडे दुकानातल्या पोरांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून खटपट करतोय. निराधार आणि वाट चुकलेल्या मुलींसाठी गावात जो आश्रम निघाला, त्याच्या कारभारातही तो होता.

मिलचा भोंगा ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. या गावाची सकाळ आणि रात्र भोंग्यावर ठरायची. मिल बंद पडल्या, पण यंत्रमागावरची बारा तासांची पाळी तुझ्या काकांच्या कारखान्यातही असणार. तिथल्या कामगाराचा पोरगा हुशार असतो, पण त्याला संध्याकाळच नसते. बूलला ही गोष्ट आतून माहीत होती, कारण त्याची स्वतःची संध्याकाळ त्याने वह्या तपासून, शिकवण्या घेऊन उरलेल्या वेळातून काढलेली होती. स्वतः वर आल्यावर 'मी केलं, तुम्हीही करा' असं त्याने म्हटलं नाही. वेळ मिळवून द्यायच्या मागे लागला. तुला मूल्यं म्हणून वहीत लिहायचीच असतील तर हे पहिल्या ओळीत लिही.

आता त्याच्या गणिताकडे येऊ, कारण माणसाचा स्वभाव तिथेही दिसतो.

डिजिटलच्या पोरांना वाटतं बूलने शून्य-एक शोधले. तसं नाही. बूलने अक्षरं घेतली आणि ती वस्तूंच्या समूहासाठी वापरली. समज, क्ष म्हणजे सगळ्या सुती वस्तू आणि य म्हणजे सगळ्या चादरी. मग क्ष गुणिले य म्हणजे सुती चादरी; आधी चादरी निवड, त्यांतून सुती निवड. आता क्ष गुणिले क्ष म्हणजे काय? सुती वस्तूंतून सुती वस्तू निवडल्या तर हाती त्याच सुती वस्तू राहतात. म्हणजे क्ष × क्ष = क्ष. नेहमीच्या बीजगणितात हे समीकरण फक्त दोनच संख्यांना लागू पडतं, ० आणि १. बूलने त्यांना अर्थ दिला: १ म्हणजे चर्चेतलं सगळं विश्व, ० म्हणजे काहीच नाही. शून्य-एक आले ते असे, निवडीच्या नियमातून.

पुढची पायरी बघ. क्ष × क्ष = क्ष हे जरा फिरवून लिहिलं की क्ष × (१ − क्ष) = ० मिळतं. (१ − क्ष) म्हणजे सुती नसलेलं सगळं. म्हणजे एकाच वेळी सुती आणि असुती असं काही नसतं. ॲरिस्टॉटलपासून हा सगळ्या विचाराचा मूळ नियम मानला जायचा. बूलने दाखवलं की तो मूळ नाही, त्याच्याही खाली एक साधं समीकरण आहे. दोन हजार वर्षांचा नियम दोन ओळींत. १८५४ च्या 'लॉज ऑफ थॉट'मध्ये हे सविस्तर आहे.

आता तुझ्या कारखान्यात चल. जेकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणवणारं भोकांचं कार्ड तू रोज बघतोस: जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, हूक वर उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, तो धागा वर येतो, भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, धागा खाली राहतो. बरेच जण म्हणतात, हेच की बूलियन! मला हे पटत नाही. कार्डात दोन अवस्था आहेत, पण ते कार्ड काही ठरवत नाही. डिझाईन करणाऱ्याने जे ठरवलं ते फक्त धरून ठेवतं. दोन गोष्टींवरून तिसरी ठरते तिथे बूल सुरू होतो. तो तुला त्याच मागावर दुसरीकडे सापडेल. ज्या मागाला आपोआप थांबायची सोय आहे, तिथे ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्र्याची पट्टी लटकते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, सर्किट जुळतं आणि माग थांबतो. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला किंवा संपला, तरी माग थांबतो. ताणा तुटला किंवा बाणा तुटला, तर थांब. हे तुझं ऑर गेट, 'किंवा'चं सर्किट.

दोन्ही एकदम तुटले तर? अर्थातच थांबलंच पाहिजे. इथे एक गंमत आहे. तुझ्या वहीच्या पहिल्याच पानावर ए + ए = ए हा नियम आहे ना, + म्हणजे 'किंवा'? बूलने तो मानला नव्हता. त्याची बेरीज फक्त एकमेकांत न मिसळणाऱ्या समूहांसाठी होती. तर्कशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्सने १८६३ मध्ये पत्र लिहून त्याला सुचवलं की ए + ए = ए असायला हवं; बूलने पत्रानेच नकार दिला. पुढे लोकांनी जेव्हन्सची वाट धरली, म्हणून तुझा माग दोन्ही धागे तुटले तरी नीट थांबतो. बूलच्या नावाने आपण जे शिकवतो त्यातलं बरंचसं त्याच्यानंतरच्या माणसांनी घासूनपुसून दिलेलं आहे. आणि त्याचा संबंध विजेच्या स्विचशी जोडला तो क्लॉड शॅननने, १९३७ साली अमेरिकेत पदव्युत्तर प्रबंध लिहिताना, बूल जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाल्यावर. परीक्षेत मात्र बूलचं मत लिहू नकोस, ए + ए = ए च लिही.

म्हणून त्याला 'कॉम्प्युटरचा जनक' म्हणतात तेव्हा मी जरा अस्वस्थ होतो. यंत्र बनवणं हा त्याचा हेतू नव्हता. १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो चार्ल्स बॅबेजला भेटला होता. बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी भोकांच्या कार्डांची कल्पना जेकार्डच्या मागावरूनच उचललेली, म्हणजे त्या गप्पांत तुझ्या धंद्याचाही वाटा होता. पण बूलला जाणून घ्यायचं होतं ते माणसाचं मन बरोबर विचार करतं तेव्हा कोणत्या नियमाने चालतं ते.

आणि इथे त्याचं दुसरं मोठं मूल्य दिसतं. बूल मनापासून आस्तिक होता. तरुणपणी धर्मगुरू व्हायचा विचारही त्याने केलेला. पण 'लॉज ऑफ थॉट'चं तेरावं प्रकरण उघडून बघ. सॅम्युएल क्लार्क आणि स्पिनोझा हे दोन तत्त्वज्ञ; दोघांनीही निव्वळ तर्काने परमतत्त्व सिद्ध करण्याचा प्रयत्न केला होता. बूलने त्यांचे युक्तिवाद घेतले, एकेक गृहीतक वेगळं काढलं, समीकरणात बसवलं आणि कोणत्या गृहीतकातून नेमकं काय निघतं ते तपासलं. शेवटी त्याने लिहून ठेवलं की अनुभवाचा आधार न घेता केवळ तर्काने अनंत ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करायचे सगळे प्रयत्न व्यर्थ आहेत, अशी खात्री हे वाचून होते. त्याची श्रद्धा काही गेली नाही. पण जे आपल्याला खरं वाटतं त्याच्या बाजूचा युक्तिवाद लंगडा असेल तर तो लंगडा म्हणायचा, ही हिंमत फार थोड्यांत असते. दुसऱ्याच्या युक्तिवादातली खोट कोणीही काढतो.

त्याच्या मित्रमंडळींतही हाच कस दिसतो. ऑगस्टस डी मॉर्गन, ज्याचे दोन नियम तुला तोंडपाठ असतील, तो जन्माने आपल्या मदुराईचा, १८०६ चा. १८४७ मध्ये दोघंही तर्कशास्त्रावर पुस्तक लिहीत होते. स्पर्धाच म्हण ना. तेव्हा डी मॉर्गनने बूलला कळवलं की माझं काम पुरं होईपर्यंत तुझं काम मला दाखवू नकोस. नंतर कोणी कोणाचं उचललं हा वादच नको. दोन्ही पुस्तकं त्याच वर्षी बाहेर आली आणि मैत्री शेवटपर्यंत टिकली. याच डी मॉर्गनने दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांचं गणितावरचं पुस्तक १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा छापून आणायला मदत केली, आणि धर्माच्या कारणावरून एका विद्वानाची नेमणूक नाकारली म्हणून १८६६ मध्ये प्राध्यापकी सोडली. बूलच्या कॉर्कच्या कॉलेजाचं तत्त्वही हेच होतं, की शिकणाऱ्याचा पंथ विचारायचा नाही. त्या वेळच्या आयर्लंडात हे सोपं नव्हतं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्ही बाजूंनी या कॉलेजांवर टीका होत होती.

भारताचा विषय निघालाच आहे तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका गोष्टीचा निकाल लावतो. बूलने १८५५ साली मेरी एव्हरेस्टशी लग्न केलं. भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचं नाव शिखराला दिलं, त्यांची ती पुतणी. बूल गेल्यावर अनेक वर्षांनी, १९०१ मध्ये, मेरीने जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून एक लेख लिहिला. त्यात तिने म्हटलं की आपल्या काकांनी भारतात शिकलेले विचार बूल, बॅबेज आणि डी मॉर्गनपर्यंत पोहोचले होते. यावरून 'बूलने सगळं आपल्या शास्त्रांतून घेतलं' असे मेसेज निघतात. मेरी खोटं बोलत होती असं मी म्हणत नाही, पण बूलच्या स्वतःच्या लेखनात याला आधार सापडत नाही, आणि त्याचं पहिलं तर्कशास्त्राचं पुस्तक त्या दोघांच्या पहिल्या भेटीच्याही आधीचं आहे. शिवाय आपल्या न्यायशास्त्रातलं अनुमान हेतू, उदाहरण, व्याप्ती असं चालतं. त्याची बांधणीच निराळी आहे. न्यायशास्त्राला मोठं व्हायला बूलच्या सर्टिफिकेटची गरज नाही. तेराव्या प्रकरणात बूलने जी चाळणी लावली ती या मेसेजलाही लाव, झालं.

मेरीबद्दल मात्र वेगळं लिहायला हवं, ती नुसती बूलची बायको नव्हती. बूल ८ डिसेंबर १८६४ ला वारला. नोव्हेंबरच्या पावसात घरापासून कॉलेजपर्यंत चालत गेला, ओल्या कपड्यांनीच तास घेतला, आणि निमोनिया झाला. ओल्या पावसाने आलेला आजार ओल्यानेच जाईल असं समजून मेरीने त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं, अशी एक गोष्ट लोक फार चवीने सांगतात. मला तिच्यात रस नाही. त्या काळी निमोनियावर कोणत्याच डॉक्टरकडे धड औषध नव्हतं. वय अवघं एकोणपन्नास, पदरी पाच मुली, धाकटी काही महिन्यांची. मेरीने लंडनला येऊन मुलींच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी धरली आणि लहान मुलांना गणित कसं शिकवावं यावर आयुष्यभर काम केलं. जाड कागदाच्या कार्डाला कडेने भोकं पाडायची आणि सुईदोऱ्याने ठराविक क्रमाने सरळ टाके घालायचे. टाके सगळे सरळ, पण त्यांतून वळणदार वक्ररेषा उमटते. हा खेळ तिचा. आमच्या गल्लीतल्या पोरींना मी हा दिला तेव्हा त्या माझ्यापेक्षा भराभर करत होत्या. घरात शिवणटिपण चालतं, हात बसलेले.

मुलींपैकी ॲलिशियाने कॉलेजची पायरी न चढता चार मितींच्या आकृत्यांवर असं काम केलं की नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला १९१४ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. लूसी रसायनशास्त्राची प्राध्यापक झाली. धाकटी एथेल कादंबरीकार झाली. लूसी आणि ॲलिशिया यांनाही विद्यापीठाचं शिक्षण मिळालं नव्हतं, तेव्हा तू म्हणशील, बघा सर, पुन्हा तेच! पण त्यांना ते मिळालं नाही याचं कारण त्या मुली होत्या आणि घरात पैसा नव्हता. बंद दाराला टेकून बसावं लागलं त्यांना. तुझं दार उघडं आहे आणि तू आपणहून बाहेर पडायचं म्हणतोयस.

आता कामाचं सांगतो. कारखान्यातली वेळ कमी करता येईल का ते काकांशी स्पष्ट बोल. दुसऱ्या वर्षाचे विषय मागे राहिले की तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टच्या गडबडीत ते निघत नाहीत. मोबाईलवर शिकायला माझी ना नाही, पण डिप्लोमाच्या जोडीने. आणि दर आठवड्याला सोडवलेलं काहीतरी एखाद्या सरांना दाखव, त्यांच्याकडून खोडून घे. प्रोजेक्टला विषय हवा असेल तर काकांच्या मागावर ताणा, बाणा आणि दरवाज्याचा स्विच अशा तीन अटींचं थांबायचं सर्किट बसव. आधी सत्यता सारणी, म्हणजे कोणत्या अटींना माग थांबेल त्याचा तक्ता, लिही, मग रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, विकत घे. उलट क्रमाने केलंस तर रिले वाया जातील.

बूलचं पुस्तक वाचायचं असेल तर 'लॉज ऑफ थॉट' इंटरनेटवर फुकट मिळतं, त्यावर आता कोणाचा हक्क नाही. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, पण दुसरं आणि तिसरं प्रकरण तुला डिक्शनरी घेऊन जमेल, आणि क्ष × क्ष = क्ष तिथेच भेटेल. चौथं ते दहावं चाळ, सगळं कळलं नाही तरी चालेल. तेरावं मात्र नीट वाच. सोळाव्यापासून पुढे संभाव्यता सुरू होते. ती गणित तीनचा पेपर निघेपर्यंत सोडून दे.